खांद्यावरचं खोगीर

बुराओ
१४ जानेवारी १९७६

एब्ला मास्तरीणबाईंना गुहादचा सलाम.

मी सुखरूप पोहोचलो. एरिगावोच्या घाटात लॉरी बंद पडली, थंडीने दात वाजले, पण तुमच्या आईने बरोबर दिलेलं तुपातलं सुकं मांस होतं म्हणून निभावलं. आईंना माझा सलाम सांगा.

मी मामांकडे पोहोचलो तेव्हा ते विहिरीवर उंटांना पाणी पाजत होते. मला पाहूनही त्यांनी दोर सोडला नाही. पोहरा ओढता ओढताच विचारलं, “शिरेनं कविता ऐकली?”

“ऐकली.”

“सगळी?”

“हो, मामा.”

“काय म्हणाला?”

“काही नाही. उठून गेले.”

मामा हसले. इतक्या दिवसांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, “रडायला गेला असेल. तो पहिल्यापासून तसाच. चारचौघांत रडायचा नाही.” मग सगळ्या विहिरीला ऐकू जाईल असं ओरडले, “बुलालेचा भाचा कविता पोहोचवून आला! आज माझ्या उंटिणीचं दूध कोणीही प्या!”

तुमच्या गावच्या लोकांनी माझं फार कौतुक केलं. आजवर एवढ्या लोकांपुढे मी कधी कविता म्हटली नव्हती. ती खोगिराची ओळ त्यांनी तीनदा म्हणायला लावली. तुम्ही बायकांच्या बाजूला होतात, ऐकलंच असेल. तुमचे शिरे आजोबा मध्येच उठले ते नमाजाला गेले असतील ना? नमाजाची वेळ नव्हती हे मला माहीत आहे, तरी विचारतो.

हे पत्र दोनदा उतरवून काढलं आहे. चुका असतील तर लाल शाईने दाखवा. दुष्काळाच्या वर्षी आमच्या वस्तीवर बाभळीला फळा टांगून तुम्ही मला अक्षरं शिकवलीत. तेव्हा सरकारने शाळकरी मुलांनाच वस्त्यांवर शिकवायला पाठवलं होतं; शाळकरी मास्तरीण म्हणून आम्ही तुमच्यावर हसायचो. आता चूक झाली तर माझीच लाज वाटते.

गुहाद

*

एरिगावो
२ फेब्रुवारी १९७६

गुहाद,

तुझ्या पत्रात दोन चुका होत्या, आणि दोन्ही तूच खोडून नीट केल्या होत्यास. म्हणजे एकही नाही. शाबास.

आता दुसरं. आजोबा नमाजाला गेले नव्हते. काट्यांच्या कुंपणामागे उकिडवे बसले होते. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाले, “एब्ले, माझा घोडा कुठे गेला असं विचारतोय. कोण? बुलाले!”

तुला ती गोष्ट माहीत आहे की नाही, मला ठाऊक नाही. आमच्या घरी ती चहाबरोबर सांगतात. तुझी मामी बाळंतपणात अडली होती. सुईण लांबच्या वस्तीवर. बुलाले धावत आजोबांकडे आले आणि आजोबांनी आपला पांढरा घोडा दिला. मामी वाचली. घोडा मात्र सुईणीला मामीपाशी सोडून परतताना छाती फुटून मेला. बुलालेंनी नुसतं खोगीर परत पाठवलं, तेही दुसऱ्याच्या हाती. स्वतः तोंड दाखवायला आले नाहीत. आजोबांना घोड्याचं दुःख नव्हतं, त्या दुसऱ्या हाताचं होतं. त्यावर त्यांनी ‘ख’वर, ओळीओळीत ‘ख’ घोळवत, पहिली कविता केली. तुझ्या मामांनी तिला ‘ख’वरच उत्तर दिलं, आणि तेव्हापासून ही साखळी चालली आहे. आजूबाजूच्या कवींनी तिला कड्या जोडल्या. अर्धे इकडून, अर्धे तिकडून.

आणि आता तू भर सभेत उभा राहून म्हणालास:

*खडकावरचा खांब म्हणवतोस, खिंडीत का रे खचलास?*
*खोगीर उरलं खांद्यावरती, खिंकाळणारा कुठे गेला?*

ते खोगीर आमच्या दारामागे खुंटीला आहे. तू त्याच्याखालीच बसून चहा प्यालास. “मामांनी काहीतरी चांगलं पाठवलंय, मास्तरीणबाई,” असं मला म्हणालास. चांगलं म्हणजे हे?

आजोबा गेले काही दिवस एकटेच गुणगुणत आहेत. उत्तर तयार झालं आहे. त्यांच्या कविता पाठ करून नेणारा वाहक कोशिन या आठवड्याच्या लॉरीने निघतोय.

एब्ला

*

बुराओ
२५ फेब्रुवारी १९७६

एब्ला मास्तरीणबाईंना सलाम.

कोशिन आला आणि गेला. मामांनी त्याच्यासाठी मेंढा कापला. त्यांना वाटलं, तहाचं उत्तर आलं. सगळी वस्ती जमवली, मला सतरंजीवर सर्वांत पुढे बसवलं. कोशिनने तुमच्या आजोबांचं नाव घेतलं, कविता कशावरून झाली ते सांगितलं आणि म्हणायला लागला:

*खाटीकसुद्धा खाली बघतो; खुशाल विचारतो तो तूच.*

मामांनी शेवटपर्यंत ऐकलं. पाहुणा म्हणून कोशिनला स्वतःच्या हाताने दूध दिलं. तो गेल्यावर मला म्हणाले, “गुहाद, मी डोकं उघडं करून त्याच्यापुढे वाकलो. त्याने डोक्यावर पाय दिला.” त्यानंतर ते कविता करत नाहीत. उंटांना पाणी पाजताना जी गाणी म्हणायची असतात तीही म्हणत नाहीत. उंट पाणी प्यायचे थांबून त्यांच्याकडे बघतात.

बुराओच्या कवींना मात्र चेव आला आहे. चहाच्या दुकानात रोज नवी कविता. गवत उगवल्यावर ऐनबोच्या विहिरींवर दोन्ही गावांच्या कवींनी एका ताटात जेवून साखळी बंद करायची असं ठरलं होतं, ते आता कोणी बोलत नाही. एकजण म्हणाला, “जाऊ की! जेवायला नाही, चावायला.” सगळे हसले.

मी काय करणार? वाहक म्हणजे मडकं. पाणी ज्याचं त्याचं. मडक्याला कोणी गोड-खारट विचारत नाही.

गुहाद

*

एरिगावो
९ मार्च १९७६

गुहाद,

मडकं गळतं का रे?

तुझे मामा म्हणाले, डोकं उघडं करून वाकलो. कुठे वाकले? तू जे म्हटलंस ते मला पाठ आहे, आमच्या गावातल्या शेळ्यांनासुद्धा पाठ आहे. त्यात वाकणं कुठेच नाही.

आणखी एक. आजोबा रागावलेत, पण रागाखाली दुसरंच काही आहे. परवा जेवता जेवता हात थांबवून म्हणाले, “बुलालेला झालंय काय? कविता खिंडीत नेली आणि तिथेच सोडून दिली. तीन पायांच्या उंटासारखी उभी आहे.” मी म्हटलं, तुम्हाला बरंच वाटलं पाहिजे. त्यावर ओरडले, “बरं काय वाटायचं? तोलाचा माणूस एकच होता मला! त्याला आता शेवट सुचत नाही.”

मी सरळ विचारते, तूही सरळ सांग. पुढे काही होतं का?

एब्ला

*

बुराओ
२० मार्च १९७६

मास्तरीणबाई,

होतं.

हा एक शब्द लिहायला मला आठवडा लागला. कविता अर्धी होती. मामांनी ती मला विहिरीवर शिकवली, एकेक ओळ, माझा श्वास कुठे तुटतो तेही बघून. पहिल्या अर्ध्यात सगळी जुनी जखम उघडी करायची, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं हा भांडायलाच आलाय. आणि मग खोगिराच्या ओळीनंतर वळण.

सभेत मी खोगिराच्या ओळीपर्यंत आलो आणि तुमच्या गावची तरुण मुलं उठून उभी राहिली. “पुन्हा म्हण! पुन्हा म्हण!” पुन्हा म्हणायचं ते कविता संपल्यावर, हा वाहकाचा पहिला नियम. मी तो मोडला. पुन्हा म्हटलं. त्यांनी काठ्या आपटल्या. मी आणखी एकदा म्हटलं, या वेळी हात असा तुमच्या आजोबांकडे करून. तो हात मामांनी शिकवला नव्हता, तो माझा होता. तेव्हाच आजोबा उठले.

ते गेल्यावर पुढचं म्हणता येईना, कारण तहाची कविता ज्याच्यासाठी केली त्याच्या कानांवरच पडावी लागते. असं मी लॉरीत बसून स्वतःला सांगत होतो. तुम्हाला खरं लिहितो. आजोबा उठायच्या आधीही मला पुढचं म्हणायचं नव्हतं. पुढचं हळू आहे. त्यावर कोणी काठ्या आपटत नाहीत. मला ते थांबू नये असं वाटलं, एवढंच.

मामांनी “सगळी?” विचारलं तेव्हा मी “हो” म्हटलं.

शिक्षा सुरू झाली आहे. तुमच्या गावच्या कोणा व्यापाऱ्याने त्या दिवशी टेप केलं होतं. परवा इथे चहाच्या दुकानात गेलो तर त्या डबीतून माझाच आवाज. खोगिराची ओळ, आरडाओरडा, पुन्हा ओळ, पुन्हा आरडाओरडा, आणि मग खरखर. दुकानदाराने मला ओळखलं. म्हणाला, “अरे, हा बघा आपला वाघ!” आणि माझ्या चहाचे पैसे घेतले नाहीत. मी चहा तसाच ठेवून निघालो. मामा गावात येत नाहीत म्हणून बरं. नाहीतर त्यांनी ती खरखर ऐकली असती.

एक विनंती आहे. उरलेली अर्धी मी सुवाच्य अक्षरांत लिहून पाठवतो. तुम्ही आजोबांना वाचून दाखवा. मामांना काही कळायला नको.

गुहाद

*

एरिगावो
२ एप्रिल १९७६

गुहाद,

नाही.

मी तुला लिहायला शिकवलं ते यासाठी नाही. अर्धी तुझ्या तोंडून आली, उरलेली तुझ्याच तोंडून येईल. आजोबा कागदावरची कविता ऐकतच नाहीत. म्हणतात, कागदाचे डोळे बघता येत नाहीत.

मी खूप रडले. चिडूनही रडले. पण सगळ्यांत वाईट काय वाटलं ते सांगते. तू आजोबांना दुखावलंस, ते मी समजू शकते, त्यांनीही लोकांना दुखावलंय. पण आज सगळ्या मुलखात लोक म्हणताहेत की बुलालेला शेवट सुचत नाही. तुझ्या मामांनी आयुष्यात जो सर्वांत चांगला शेवट केला असेल, तो तू खिशात घालून फिरतोयस. आणि ते बिचारे तुझ्याच हातचा चहा पीत असतील.

आधी मामांना सांग. माझं पत्र आलं की लगेच, मनात तालीम न करता. तू सांगितलंस असं तुझं पत्र येईपर्यंत मी आजोबांना एक शब्द बोलणार नाही. गवत उगवेपर्यंत पत्र आलं नाही तर मी बोलेन.

एब्ला

*

बुराओजवळ, मामांची वस्ती
१८ एप्रिल १९७६

मास्तरीणबाई,

सांगितलं.

तालीम न करता असं तुम्ही लिहिलं होतंत, पण मी केली. तिचा काही उपयोग झाला नाही. मामा उंटीण पिळत होते, एक गुडघा वर, त्यावर दुधाचं भांडं. मी म्हटलं, “मामा, मी एरिगावोला अर्धीच म्हटली.” त्यांचा हात थांबला नाही. मी सगळं सांगितलं. टाळ्या, काठ्या, हात, लॉरी, डबीतला आवाज. दूध काढून झालं, त्यांनी उंटिणीच्या पाठीवर थाप मारली, भांडं खाली ठेवलं.

“कुठल्या ओळीवर ओरडले?”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “खोगिराच्या.”

“तीनदा?”

“तीनदा.”

“हं,” म्हणाले. क्षणभर, अल्लाची शपथ, त्यांना बरं वाटलं. मग ते जे बोलले ते मी जन्मात विसरणार नाही. “म्हणजे त्याने पाय दिला नाही. मी इतके दिवस त्या माणसाला शिव्या देत झोपलो, आणि त्याने पाय दिलाच नव्हता.” आणि खाली बसले. त्यांनी मला मारलं असतं तर सोपं झालं असतं. त्यांनी फक्त माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाले, “पुढची म्हण. बघू, अजून आहे का तुझ्याकडे, की तीही सांडलीस.”

मी त्यांच्या पाठीला म्हणून दाखवली. एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. संपली तेव्हा म्हणाले, “पाठांतर चोख आहे तुझं. म्हणूनच लाज वाटते.”

मामी तंबूच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. मला म्हणाली, “बाळा, त्या घोड्यावर माझा जीव परत आला होता रे.” बस, एवढंच.

मामांनी निरोप दिला आहे: ऐनबोला ते येणार, कोणी येवो न येवो. मी लॉरीने जायचं नाही, पायी चालत जायचं, वाटेतल्या प्रत्येक वस्तीवर थांबायचं आणि सांगायचं की शेवट आहे, ऐनबोला या.

गुहाद

*

एरिगावो
१ मे १९७६

गुहाद,

मी आजोबांना फक्त एवढंच म्हटलं: “शेवट आहे म्हणे. ऐनबोला ऐकवणार आहेत.”

त्यांनी मान वर करून विचारलं, “लपवला कोणी?” मी सांगितलं नाही. म्हणाले, “सांगू नकोस. बुलाले असं करणार नाही, म्हणजे त्या माझ्याकडे हात करणाऱ्या पोरानं केलं.” मग एकदम खूश झाले. “बघितलंस? मी म्हटलं नव्हतं, तीन पाय आहेत म्हणून? माझा कान अजून जागा आहे!” आणि आईला तूप मागितलं. संध्याकाळपर्यंत ओसरीत बसून खोगिराच्या चामड्याला तूप चोळत होते.

शाळेत मुलांच्या परीक्षा आहेत, मला येता येणार नाही. सगळं लिही. स्वतःला वाचवून लिहू नकोस.

एब्ला

*

बुराओ
२८ मे १९७६

एब्ला मास्तरीणबाईंना गुहादचा सलाम.

स्वतःला न वाचवता लिहितो.

ऐनबोला बाभळीखाली एका बाजूला बुराओचे कवी, दुसऱ्या बाजूला तुमचे. मध्ये इतकी जागा की एक उंट आडवा बसला असता. आजोबा कोशिनच्या आधाराने आले. खोगीर त्यांच्या स्वतःच्या खांद्यावर होतं, कोणाला हात लावू दिला नाही. ते पाहून बुराओच्या बाजूचा एकजण खुसखुसला. मामांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

मी उभा राहिलो. पहिली अर्धी म्हटली. खोगिराच्या ओळीवर मागून कोणी तरी ओरडलंच, “पुन्हा!” मी थांबलो नाही.

*खरं सांगतो, खोड माझी. खड्डा मीच खणला.*
*खिंकाळणारा खपला माझ्याखाली, खबर मी नाही दिली.*
*खोगीर तुझं, खांदा माझा. खुशाल टाक, मी वाहीन.*

कोणी काठी आपटली नाही. मी म्हटलं होतं ना, ते हळू आहे. आजोबा उठले. मला वाटलं, पुन्हा चालले. ते त्या मोकळ्या जागेतून चालत आले आणि खोगीर मामांच्या खांद्यावर टाकलं. मामा त्या वजनाने कलंडले. आजोबा म्हणाले, “वाहा. तोंडाने म्हणणं सोपं असतं.” आणि मामा खरंच ते घेऊन सबंध सभेला फेरी मारून आले, धापा टाकत, आणि आजोबा मागून, “अरे नीट धर, तुपाचं चामडं आहे!” तेव्हा मात्र दोन्ही बाजू हसल्या. दोघंही रडत होते, चारचौघांत. मामांचा अंदाज चुकला.

जेवण एका ताटात झालं. ‘खपला’ ऐवजी दुसरा शब्द हवा होता यावर दोघं जेवणभर भांडले.

मग माझी पाळी आली. मी सर्वांसमोर सगळं कबूल केलं. कोशिन म्हणाला, याच्या तोंडी पुन्हा कोणी कविता देऊ नये. तेच योग्य होतं, मी मान खाली घालून बसलो. पण आजोबा म्हणाले, “नाही. ही कविता यानेच वाहायची. पण कविता म्हणायच्या आधी ती कशावरून झाली हे सांगायची रीत आहे. तर हेही त्यात येईल. मी गेलो, बुलाले गेला, तरी ही कविता जो जो म्हणेल तो आधी हे सांगेल.” मामा म्हणाले, “शब्द मी देतो.” आजोबा म्हणाले, “तुझे शब्द कोणी मागितले? मी देतो.” शेवटी दोघांनी मिळून दिले, एकेका शब्दावर कचाकचा भांडत. एवढ्या वर्षांत दोघांनी एकत्र केलेली पहिली रचना ती, आणि ती माझ्यावर आहे. ती अशी:

“ही कविता बुलालेची. शिरेचा घोडा बुलालेच्या बायकोसाठी मेला, त्याची ही परतफेड. त्याच्या बहिणीचा मुलगा गुहाद ती एरिगावोला घेऊन गेला, आणि लोक ओरडले ते त्याला गोड लागलं, म्हणून अर्ध्यावरच थांबला. त्या अर्ध्यापायी दोन गावं भांडली. आता सगळी ऐका.”

काल बुराओत चहाच्या दुकानात लोकांनी मला उभं केलं. मी आधी हे सांगितलं, रीतीप्रमाणे. कविता सुरू करणार तोच पोरं उठून उभी राहिली, काठ्या आपटत: “पुन्हा म्हण! गुहादचं पुन्हा म्हण!” मी म्हटलं, नियम आहे, पुन्हा म्हणायचं ते शेवटी. मामा कोपऱ्यात बसले होते, कित्येक महिन्यांनी गावात आले होते. बशीतून चहा पिता पिता म्हणाले, “तो नियम कवितेला. हे कितीही वेळा म्हणता येतं.”

मी पुन्हा म्हटलं. तीनदा म्हणावं लागलं. माझे कान जळत होते. मग कविता म्हटली, शेवटपर्यंत.

एक गोष्ट लिहायची की नाही यावर मी फार विचार केला. तुम्ही ही कविता शाळेत मुलांना शिकवणार असं कोशिन सांगत होता. मुलं लहान आहेत, त्यांना नुसती कविता पुरे, आधीचं ते गाळलं तरी चालेल, असं मी या पानावर लिहिलं होतं. ते पान फाडून टाकलं आणि हे दुसऱ्यांदा उतरवून काढतो आहे.

गाळू नका.

गुहाद